लॉनला चट्टे पडलेत? फवारायच्या आधी हे तपासा (सोलापूरच्या हवामानासाठी)

लॉन पिवळं पडलं की आपल्याकडं बहुतेक घरी एकच गोष्ट होते. माळी येतो, वरनं बघतो, "कीड लागलीय" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पाठीवरचा पंप घेऊन हजर, किडीचं औषध आणि बुरशीचं औषध एकाच पंपात आणि वरनं मूठ मूठ युरिया. पंधरा दिवसांनी चट्टा तिथंच असतो, कधी कधी वाढलेला असतो, कारण मुळात तिथं कीड नव्हतीच, आणि उन्हाळ्यात टाकलेल्या युरियानं उरलेलं गवत पण भाजून काढलं. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण औषधाचा खर्च गेला तो गेलाच पण ते विष आपल्याच अंगणात पडलं जिथं पोरं अनवाणी खेळतात.

माझ्या बघण्यात सोलापुरातल्या लॉनचे जे प्रॉब्लेम येतात त्यात खरी कीड किंवा रोग थोडे, आणि पाणी, क्षार, माती, ऊन हेच जास्त. इथं एप्रिल-मेमधे पारा ४२-४३ च्या वर जातो, पाऊस कमी, तो पण बेभरवशाचा, जून-जुलै कोरडे जाऊन सप्टेंबरमधे धो धो, माती एक तर काळी नायतर प्लॉटवर भरलेला मुरूम, नळाला पाणी काही दिवसांआड आणि मग सगळी भिस्त बोअरवर. त्यामुळं पुण्या-मुंबईचे लॉनचे व्हिडिओ बघून जसंच्या तसं करायला गेलं की फसतं. आपल्याकडं निदान करायची रीत वेगळी लागते, ती खाली सांगतो, क्रम महत्त्वाचा आहे, उड्या मारू नका.

आधी आकार बघा

गच्चीवर किंवा जिन्यात उभं राहून वरनं लॉन बघा, फोटो काढा. खाली वाकून बघितलं की पानं दिसतात पण चट्ट्याची ठेवण कळत नाय, आणि निम्मं निदान त्या ठेवणीतच असतं. सरळ रेषा, पट्टे, कोपरे, अर्धगोल असलं काही दिसलं तर समजा माणसानं केलंय: खत टाकताना हात दोनदा फिरला, स्प्रिंकलरचं पाणी तेवढ्या भागात पोचत नाय, मशीन वळवताना गवत मुळापासून सोललं, मशीनमधनं पेट्रोल किंवा ऑईल सांडलं. कीड आणि बुरशी पट्टी लावून रेष मारत नाय. उलट वेडेवाकडे, पसरत जाणारे, कडा पुसट असलेले चट्टे असतील तर मग कीड-रोगाचा संशय घ्यायला हरकत नाय.

पश्चिमेच्या भिंतीला लागून वाळलं असेल तर ती भिंत दुपारभर तापते आणि रात्री पण गरम राहते, फरशीच्या कडेला पण तसंच. काचेच्या मोठ्या खिडकीचं ऊन परावर्तित होऊन एकाच जागी पडतं, तिथं पण गवत भाजतं. आंब्याखाली किंवा दोन बंगल्यांच्या मधल्या बोळात विरळ होत असेल तर ती सावली आहे, हरळीच्या जातीच्या लॉनला, म्हंजे नर्सरीवाले ज्याला सिलेक्शन नंबर वन म्हणतात त्याला, दिवसाला कमीत कमी सहा तास थेट ऊन लागतंच. तिथं कितीही औषधं मारा, गवत दाट होणार नाय. मेक्सिकन लॉन थोडी सावली सोसतं पण गच्च सावली नाय. अशा जागी गवताचा नाद सोडून सरळ सावलीतली झाडं लावावीत किंवा दगड मांडावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

मधे मेलेला गोल आणि त्याच्या भोवती गडद हिरवी रिंग, असे ताटलीएवढे डाग दिसले तर कुत्रं. लघवीत नत्र जास्त असतं, मधे जळतं आणि कडेला खत मिळाल्यासारखं होऊन हिरवं होतं. लगेच बादलीभर पाणी ओतलं तर वाचतं, दुसऱ्या दिवशी ओतून उपयोग नाय.

लग्नाच्या लॉनवाल्यांनी वेगळं बघावं लागतं. मांडवाचं कापड आणि मॅटिंग दोन-तीन दिवस अंथरून ठेवलं की खालचं गवत पिवळं पडणारच, आचाऱ्यानं गरम पाणी फेकलं ती जागा वेगळी दिसते, आणि वाढपी-पाहुण्यांची रोजची वर्दळ आहे तिथं माती दगडासारखी घट्ट होते. यातलं काहीच रोग नाय. सीझन संपला की काटे फिरवून माती मोकळी करायची, भोकं पाडून त्यात वाळू आणि चाळलेलं शेणखत भरायचं, आणि पावसाळाभर गवताला आराम द्यायचा.

मग पाणी, आणि इथंच जास्त वेळ घालवा

एक मोठा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि चट्ट्यात खुपसा, मग शेजारच्या हिरव्या भागात खुपसा. हिरव्यात चार-पाच इंच सहज गेला आणि चट्ट्यात दोन इंचावर अडला तर खाली पाणी पोचत नाय, विषय तिथंच संपला. खट्ट आवाज येऊन अडला तर तिथं खुरप्यानं उकरून बघाच. जुळे सोलापूर, सैफुल, होटगी रोड, जिथं जिथं नवीन बांधकामं झालीत तिथं बिल्डरची माणसं विटांचे तुकडे, सिमेंटचा चिखल, फरशीचे कपरे तिथंच पुरून वरनं दोन इंच लाल माती पसरून लॉन अंथरून जातात. पहिलं वर्ष छान दिसतं, मग दर उन्हाळ्यात नेमक्या त्याच जागा वाळतात. दरवर्षी चट्टा त्याच ठिकाणी येतोय ही सगळ्यात मोठी खूण आहे. इलाज म्हंजे उकरणं, राडा काढणं आणि कमीत कमी सहा इंच चांगली माती भरणं, दुसरा इलाज नाय.

पाणी किती लागतं याचा हिशोब बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हंजे एक लिटर. एक इंच पाणी द्यायचं म्हटलं तर चौरस मीटरला २५ लिटर. तुमचं लॉन ५०० चौरस फुटाचं असेल तर ते साधारण ४६ चौरस मीटर, म्हंजे एका वेळेला ११५० लिटर, गच्चीवरची हजार लिटरची टाकी पूर्ण रिकामी करून वर थोडं. उन्हाळ्यात आठवड्याला असं एकदा नाय, जास्त वेळा लागतं. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की सोलापुरात लॉन छोटं ठेवा, शंभर-दीडशे फुटाचं असलं तरी डोळ्याला पुरतं आणि उजनीचं पाणी येईपर्यंत जीव टांगणीला लागत नाय.

स्प्रिंकलर किती पाणी देतो ते कळत नसेल तर लॉनवर पाच-सहा सारख्या स्टीलच्या वाट्या ठेवा, अर्धा तास चालवा आणि पट्टीनं मोजा. एका वाटीत पाऊण इंच आणि दुसरीत पाव इंच निघालं तर चट्ट्याचं कारण तुमच्या हातात आहे. पाणी पहाटे द्या. रोज संध्याकाळी पाच मिनिटं पाईपनं शिंपडायची सवय ही सगळ्यात वाईट, मुळं वरच राहतात, पान रात्रभर ओलं राहून बुरशीला बोलावणं जातं आणि क्षार वरच्या वर साठतात. काळ्या मातीत एकदम जोरात पाणी सोडलं तर वाहून जातं किंवा भेगांमधनं खाली निघून जातं, म्हणून थोडं द्यायचं, अर्धा तास थांबायचं आणि परत द्यायचं.

बूट घालून लॉनवरनं चाला आणि मागं वळून बघा, पावलांचे ठसे बराच वेळ तसेच दिसत राहिले, गवत उठलं नाय आणि रंग निळसर-राखाडी मारतोय तर ते तहानलंय, वाळायच्या आधीची ती पायरी असते. आणि हरळी उन्हाळ्यात पूर्ण तपकिरी झाली म्हंजे मेली असं नाय, खालची कांडी पांढरट-टणक आणि ओलसर असेल तर ती झोपलीय, पाऊस पडला की आठवड्यात फुटते. अशा झोपलेल्या गवतावर खत आणि औषध मारणं पूर्ण वाया.

क्षार आणि पिवळेपणा

आपल्या बऱ्याच भागातल्या बोअरचं पाणी जड आहे, बादलीला पांढरा थर बसतो तोच थर लॉनच्या मातीवर पण बसतो. पानाचं टोक आधी जळतं, मग कडा, माती सुकली की वर पांढुरकी भुकटी दिसते. अजून एक गोष्ट जी जवळपास कुणी तपासत नाय: घरातल्या आरओचं वाया जाणारं पाणी पाईप काढून लॉनमधे सोडलेलं असतं. पाणी वाचवायची इच्छा चांगली आहे पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात, आणि जिथं पाईपचं तोंड आहे तिथनंच चट्टा सुरू होतो. वॉटर सॉफ्टनरचं पाणी तर अजिबात नको, त्यात सोडियम असतं, काळी माती त्यानं चोपण होते आणि मग पाणी मुरायचंच बंद होतं. कपडे धुतलेलं आणि गाडी धुतलेलं साबणाचं पाणी पण त्याच रांगेत. एसीचं पाणी मात्र बिनधास्त टाका, त्यात क्षार नसतात.

क्षार धुवून काढायला पावसाचं पाणी किंवा नळाचं गोडं पाणी भरपूर एकदम द्यावं लागतं, पण खालनं निचरा असेल तरच, नायतर ते तिथंच साचून वर येतं. माती चोपण झाली असेल तर जिप्सम लागतं पण ते माती परीक्षण करून, अंदाजानं नाय. बार्शी रोडवर खेडला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं चौकशी करता येते. नवीन लॉन लावणार असाल आणि पाणी फक्त बोअरचंच असेल तर पास्पालम जातीचं गवत मागा, ते खारं पाणी बऱ्यापैकी सोसतं.

पिवळेपणाचे दोन प्रकार ओळखायला शिका, यात दुकानदार पण गफलत करतात. सगळं लॉन एकसारखं फिकट, खालची जुनी पानं आधी पिवळी आणि वाढ मंद असेल तर नत्र कमी पडतंय. उलट जुनी पानं हिरवी आणि नवीन कोवळी पानं पिवळी, आणि जवळून बघितलं की शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असे बारीक पट्टे, तर लोह मिळत नाय. आपली जमीन चुनखडीची, सामू (पीएच) ८ च्या वर, लोह मातीत असतं पण मुळांना घेता येत नाय. यात युरिया टाकला की पिवळेपणा अजून उठून दिसतो. लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून संध्याकाळी फवारा, चार-पाच दिवसांत फरक दिसतो. फरशीवर आणि भिंतीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग पडतात ते निघत नाहीत. फेरस सल्फेट नुसतं मातीत टाकून चुनखडीत फायदा होत नाय, मातीतनंच द्यायचं असेल तर ईडीडीएचए चिलेट असलेलं लोह घ्या, महाग आहे पण काम करतं.

युरियाचं प्रमाण एकदाच सांगतो, चौरस मीटरला १० ग्रॅमच्या वर एका वेळी जायचं नाय, गवत कोरडं असताना टाकायचा आणि लगेच भरपूर पाणी द्यायचं. एप्रिल-मेमधे टाकूच नका. जून ते सप्टेंबर ही गवताची खरी खायची वेळ. डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास, थंडीनं लॉन थोडं लालसर-फिकट होतं, ते नैसर्गिक आहे, फेब्रुवारीत आपोआप सुधारतं.

आता कीड

वरचं सगळं तपासून झालं आणि काहीच सापडलं नाय तर मग किडीकडं या. तीन तपासण्या आहेत, तिन्ही घरच्या घरी होतात.

पहिली, चट्ट्याच्या कडेचं गवत मुठीत धरून वर ओढा, मेलेल्या मध्यभागातलं नको, कडेचं, कारण कीड कडेला असते, मधलं खाऊन ती पुढं गेलेली असते. गवत सतरंजीसारखं गुंडाळत वर आलं आणि खाली मुळंच नसली तर हुमणी, म्हंजे मातीत राहून मुळं खाणारी अळी. खात्री करायला खुरप्यानं एक फूट बाय एक फूट तुकडा तीन बाजूंनी तीन इंच खोल कापा, उलटा करा, माती चाळा आणि अळ्या मोजा. इंग्रजी सी अक्षरासारखी वाकडी, दुधाळ पांढरी, डोकं तपकिरी, ती हुमणी. एक-दोन सापडल्या तर निरोगी लॉन ते सहन करतं, काही करू नका. पाचच्या वर असल्या तर उपाय करायचा. साळुंक्या, बगळे, हुदहुद रोज सकाळी येऊन एकाच जागी चोची खुपसत असतील तर तिथं खाली काहीतरी आहे हे पक्कं, तिथनंच तपासायला सुरुवात करा. खतात दिसणाऱ्या सगळ्या पांढऱ्या अळ्या हुमणी नसतात हे पण सांगतो. फरशीवर ठेवल्यावर पाठीवर उलटी होऊन सरपटत जाणारी अळी ही फुलभुंग्याची, ती कुजलेलं खाते, गवताच्या मुळांना त्रास देत नाय, तिला परत खताच्या ढिगात टाका.

हुमणीचं चक्र समजून घेतलं तर अर्धी लढाई जिंकली, आणि ऊसवाल्या शेतकऱ्यांना हे तोंडपाठ आहे. मे-जूनमधे वळवाचा पहिला जोराचा पाऊस झाला की संध्याकाळी अंधार पडता पडता मातीतनं तपकिरी भुंगे निघतात आणि कडुनिंब-बाभळीवर जमतात, पाला खातात, पहाटेपर्यंत परत मातीत जाऊन अंडी घालतात. जुलैत अळ्या बारीक असतात, ऑगस्ट ते ऑक्टोबर मोठ्या होऊन मुळं फस्त करतात, आणि मग कोषात जातात. म्हणून पहिल्या पावसानंतरच्या चार-सहा संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून कडुनिंबाच्या फांद्या काठीनं हलवून भुंगे खाली पाडायचे आणि साबणाच्या किंवा रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, एकट्यानं करून फायदा कमी. हुमणीला मारणाऱ्या मेटारायझियम बुरशीची पावडर कृषी सेवा केंद्रात मिळते, ती चांगल्या कुजलेल्या, चाळलेल्या शेणखतात मिसळून जुलैत, माती ओली असताना संध्याकाळी पसरायची आणि पाणी द्यायचं, प्रमाण पाकिटावरचं घ्या. ऊन लागलं की ती मरते, मग दुकानदाराला नावं ठेवू नका. ऑक्टोबरच्या शेवटी औषध टाकणं निरर्थक आहे कारण तोपर्यंत अळीचं खाणं संपलेलं असतं. आणि कच्चं शेणखत लॉनवर कधीच नको, हुमणी आणि तण दोन्ही त्यातनंच येतात.

एक महत्त्वाचं, अजून कुणी फोरेट हे कीटकनाशक टाका म्हणत असेल तर ऐकू नका. फोरेटवर आणि डायक्लोरव्हॉसवर ३१ डिसेंबर २०२० पासून आपल्या देशात बंदी आहे. घरच्या अंगणात तर असलं काही आणायचंच नाय.

दुसरी तपासणी साबणाच्या पाण्याची. पाच लिटर पाण्यात दोन मोठे चमचे भांडी घासायचं लिक्विड मिसळून चट्ट्याच्या कडेला साधारण एक चौरस मीटरवर झारीनं ओता आणि दहा मिनिटं तिथंच बसून बघा. पान खाणाऱ्या अळ्या, लष्करी अळी, जाळं करणारी बारीक हिरवट अळी आणि मातीत बिळं करणारे किडे वर येतात. काहीच वर आलं नाय तर अळी नाय, फवारणी रद्द. हे सकाळी नायतर संध्याकाळी करा आणि नंतर साध्या पाण्यानं धुवा, भर उन्हात साबणानं गवत भाजतं. अळीच्या अजून खुणा म्हंजे पानांच्या कडा कुरतडलेल्या, गवतात बारीक हिरव्या लेंड्या, आणि तिन्हीसांजेला लॉनवरनं चालताना पायाजवळनं बारीक पतंग उडणं. सप्टेंबरच्या पावसानंतर कोवळं गवत वाढतं तेव्हा ही जास्त येते, आणि लष्करी अळी दोन-तीन रात्रीत मोठा भाग साफ करते त्यामुळं यात मात्र उशीर करू नका.

इलाजात एक फरक पक्का ध्यानात घ्या. पान खाणाऱ्या अळीचं औषध पानावर राहायला पाहिजे, म्हणून आधी गवत कापायचं, पाणी द्यायचं, मग संध्याकाळी फवारायचं आणि पुढचा दीड-दोन दिवस पाणी पण नाय आणि मशीन पण नाय. हुमणीचं औषध मुळाशी पोचायला पाहिजे, म्हणून टाकल्या टाकल्या भरपूर पाणी द्यायचं. बरेच जण बरोबर उलटं करतात आणि म्हणतात औषध डुप्लिकेट होतं. बारीक अळ्यांना बीटी म्हंजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस पुरतं, मोठ्या झालेल्या अळ्यांवर त्याचा जोर कमी पडतो. पाच टक्के निंबोळी अर्क पण चालतो, लिटरला ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातनं गाळायची, थोडं साबण टाकून त्याच संध्याकाळी वापरायची.

तिसरी तपासणी वाळवीची. वाळलेल्या गवतावर मातीचं पातळ लिंपण दिसतं, ते खरडलं की आत पांढऱ्या मुंग्यांसारख्या वाळव्या. वाळवीचं आवडतं खाणं वाळकं आणि मेलेलं, म्हणून ती कोरड्या पडलेल्या, खाली वाळक्या गवताचा थर साठलेल्या लॉनमधे येते. नवीन घरात अजून एक कारण असतं, सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे आणि खुंट्या मातीत राहिलेल्या असतात, आधी ते शोधून काढा. वाळका थर अर्ध्या इंचाच्या वर गेला असेल तर दाताळ्यानं ओढून काढा, पाणी नियमित करा, बऱ्याच वेळा तेवढ्यावर भागतं. घराच्या पायाकडं वाळवीची नळी जाताना दिसली तर मात्र पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, ते लॉनचं काम राहत नाय.

मिलीबग असेल तर कांड्यांच्या सांध्यावर मातीलगत कापसासारखं पांढरं दिसतं आणि आसपास मुंग्यांची ये-जा असते, साबण-निंबोळीचं पाणी जोरात, खालपर्यंत पोचेल असं मारा. मुंग्यांची वारुळं आणि गांडुळाच्या मातीच्या गोळ्या यांच्यावर औषध मारू नका, झाडूनं पसरून टाका, गांडूळ आहे म्हंजे तुमची माती जिवंत आहे.

बुरशी

सोलापुरात बुरशी वर्षभर नसते, हवा कोरडी आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरचा ओला काळ आणि थंडीतलं दव, एवढ्याच वेळा. त्यामुळं एप्रिलमधे कुणी बुरशी सांगितली तर आधी स्क्रूड्रायव्हर घ्या.

नाण्याएवढे वाळक्या रंगाचे गोल ठिपके, पहाटे त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढरा धागा, आणि पानावर मधे फिकट पट्टा कडेला तपकिरी रेघ, हा डॉलर स्पॉट, तो बहुतेक उपाशी लॉनवर येतो, थोडं नत्र दिलं की मागं हटतो. फूटभर किंवा त्याहून मोठे तपकिरी गोल, कडेला गडद धुरकट वलय, दमट उबदार दिवसांत, हा ब्राऊन पॅच, आणि तो बरोबर उलटा, नत्र जास्त झालेल्या लॉनवर येतो. म्हणून आधी ओळखा मग खताला हात घाला. बुटाला नारिंगी भुकटी लागली तर तांबेरा, कापलेलं गवत उचलून टाका आणि थोडं खत-पाणी द्या, गवत वाढलं की तो कापणीत निघून जातो. साचलेल्या पाण्यात गवत काळपट तेलकट होऊन लोळलं तर निचरा करा, दुसरं काही नंतर. छत्र्या उगवल्या तर खाली जुनं लाकूड कुजतंय, काठीनं पाडा, पोरांना हात लावू देऊ नका. पानावर राखाडी-काळी भुकटी एका रात्रीत आली आणि पाण्याच्या फवाऱ्यानं धुवून गेली तर तो स्लाइम मोल्ड, निरुपद्रवी आहे.

फवारायचंच असेल तर मँकोझेब लिटरला २ ते अडीच ग्रॅम, पण ते न लागलेल्या पानाला वाचवतं, मेलेलं पान हिरवं करत नाय. त्याच्या आधी संध्याकाळचं पाणी बंद, पहाटे पाईप किंवा दोरी फिरवून दव झाडणं आणि मशीनच्या पात्याला धार लावणं करा. बोथट पात्यानं पानाची टोकं फाटतात, दोन दिवसांनी सगळं लॉन पांढरट दिसतं, लोकं त्याला पण रोगच समजतात. कापताना उंचीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त एका वेळी कापू नका, उन्हाळ्यात अर्धा इंच जास्तच ठेवा.

औषध कुठलंही असो, डब्यावरचा त्रिकोण बघा, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. घराच्या अंगणात लाल-पिवळा नकोच. हातमोजे, तोंडाला मास्क, वारा नसताना फवारणी, आणि पूर्ण सुकेपर्यंत पोरं आणि कुत्री लॉनवर सोडायची नाहीत. फवारलेलं गवत कापून गाईला घालू नका, आपल्याकडं कापलेलं गवत गल्लीतल्या गाईला टाकायची पद्धत आहे म्हणून हे मुद्दाम सांगतो.

लव्हाळा आणि चट्टा भरणं

तणात आपल्याकडचा खरा वैरी लव्हाळा. वरनं उपटला की खालची गाठ तुटून राहते आणि एकाचे चार येतात. थोडा असेल तर पावसानंतर माती ओली असताना खुरपं खोल घालून गाठीसकट काढा आणि हे दर आठवड्याला करत राहा, गाठीतला साठा संपेपर्यंत. फार झाला असेल तर उसात वापरतात ते हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हरळी आणि मेक्सिकन लॉनला धक्का न लावता लव्हाळा मारतं, पण उसाला एकरी ३६ ग्रॅम लागतं म्हंजे हजार चौरस फुटाला एक ग्रॅमपेक्षा पण कमी, साध्या चमच्यानं मोजायला जाऊ नका, बारीक वजनकाटा असलेल्याकडनं मोजून घ्या. मरायला दोन-तीन आठवडे लागतात, मधेच परत मारू नका. घोळ, दुधी, आंबुशी हातानं निघतात, फुलं यायच्या आत काढा. ग्लायफोसेट सगळंच मारतं, लॉनमधे त्याचं काम नाय.

कारण सापडून दूर झाल्यावरच चट्टा भरायचा. मेलेलं गवत खरडून काढा, चार इंच माती मोकळी करा, एक भाग वाळू आणि एक भाग चाळलेलं कुजलेलं खत मिसळा, पायानं हलकं दाबून शेजारच्या पातळीला आणा, नायतर तिथं पाणी साचतं. मग लॉनच्याच दाट भागातल्या कांड्या दोन-तीन डोळ्यांच्या तुकड्यात कापून बोटभर अंतरावर लावा, डोळा मातीत आणि शेंडा वर. विकतच्या तुकड्यांपेक्षा हे बरं, कारण ती कांडी तुमच्या मातीला आणि पाण्याला सरावलेली असते. लावायची वेळ जून शेवट ते ऑगस्ट, पहिले दहा-बारा दिवस माती ओली ठेवायची, आणि नवीन कांड्या शेजारच्या गवतात मिसळेपर्यंत त्यावर पाय आणि मशीन दोन्ही नको.